नवरदेवांच्या यादीतली मुलगी

"मॅडम, माझ्या मुलीला स्थळं येतायत. पण मुलींची!" सुभेदार आहेर मला म्हणाले.

देवळाली कॅम्पहून ते स्कूटरवर थेट आमच्या ऑफिसात आले होते. सोबत निकम मॅडम. त्यांचं नाशिकरोडला वधू-वर केंद्र होतं आणि त्याच्या नोंदणीची वेबसाइट आम्ही नुकतीच बनवून दिली होती. आहेरांची मुलगी त्या साइटवर नवरदेवांच्या यादीत जाऊन बसली होती.

"रविवारी मेळावा आहे," निकम मॅडम म्हणाल्या. "तोवर हे नीट झालं नाही, तर साइट बंदच करा."

"यांनीच चुकीचं टिक केलं असेल," आमचे देवरे सर हळूच मला म्हणाले.

सुभेदारांनी ते ऐकलं. "साहेब, पोरगी माझी आहे. मला कळणार नाही का?"

मी स्वतः नोंदणी करून पाहिली. बरोबर झाली. पुन्हा केली. तरी बरोबरच.

मग डीबग मोड लावला. म्हणजे प्रोग्रॅम आत काय करतोय, ते पानाच्या तळाशी छापून येतं. त्यासाठी वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी एक शब्द टाकावा लागायचा. पण 'पुढे' दाबलं की नवं पान, नवा पत्ता आणि डीबग बंद. शब्द परत टाकेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

म्हणून आधी तेच दुरुस्त केलं. डीबग एकदा चालू केला की पानं कितीही बदलली, तरी सर्व्हरने तो लक्षात ठेवायचा. तोही फक्त माझ्या लॉगिनला. नाहीतर कुणालाही कुणाचेही फोन नंबर दिसले असते.

"काका, बसा इथे. त्या दिवशी भरला तसाच फॉर्म भरा."

सुभेदारांनी खिशातून फ्लॉपी काढली. त्यात स्टुडिओवाल्याने स्कॅन करून दिलेला मुलीचा फोटो होता. तो मोठा निघाला. 'फोटो चालणार नाही' असं पान आलं. त्यांनी 'मागे जा' दाबलं आणि तळाच्या डीबगच्या ओळीत जिथे 'वधू' छापलं होतं, ती जागा रिकामी झाली. जागा रिकामी दिसली की प्रोग्रॅम सरळ 'वर' धरायचा. आमचे टेस्टिंगचे फोटो लहान असायचे, त्यामुळे ते पान आम्हाला कधी दिसलंच नव्हतं.

"सर, हे बघा."

देवरे सरांनी वाकून पाहिलं. मग सुभेदारांकडे वळले. "सॉरी, सुभेदारसाहेब. चहा घेणार ना?"

संध्याकाळपर्यंत ती 'मागे जा'ची लिंक दुरुस्त झाली. नवरदेवांत आणखी काही मुली सापडल्या. त्यांच्या घरी निकम मॅडमनी स्वतः फोन केले. मेळावा झाला, साइटही राहिली.

तेव्हापासून क्लायंट तक्रार घेऊन आला की मी डीबग चालू करते, माझी खुर्ची त्याला देते आणि गप्प बसते.