ओळखीचा रकाना

प्रेमलता देवस्थळींचा डबा खाल्ला नाही असं बदलीवर आलेलं मराठी कुटुंब एके काळी कोलकात्यात शोधून सापडलं नसतं. त्याला कारण होतं. एकोणनव्वद साली नवऱ्याच्या बँकेनं त्यांना इथं पाठवलं, तेव्हा सामानाचा ट्रक दोन दिवस वाटेतच अडकला होता. पदरात एक वर्षाची लेक आभा, रिकामं घर, आणि जेवायला कोपऱ्यावरच्या दुकानातले मुरमुरे. दार वाजवायला कोणी आलं नाही. त्या रात्री बाई मनसोक्त रडल्या आणि सकाळी ठरवून मोकळ्या झाल्या की आपल्या माणसांवर ही पाळी येऊ द्यायची नाही.

तेव्हापासून पहिल्या दिवशीचा डबा त्यांचा. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळ्या आणि लिंबाचं लोणचं. यात बदल नाही. कोणी कौतुकानं पुरणपोळीचं सुचवलं तर म्हणायच्या, "दमलेल्या माणसाला पुरण नको असतं, वरणभात हवा असतो."

कोण कधी येणार हे त्यांना आपोआप कळायचं. बँकेतून बदलीची बातमी फुटायची, नागपूरहून कोणाच्या तरी नणंदेचा फोन यायचा. पण देवस्थळी निवृत्त झाले, मग गेलेच, आणि बातम्यांची वाट बंद झाली. आता येणारी मंडळी सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपन्यांत येतात आणि फोनवर बोट फिरवून जेवण मागवतात. गेल्या वर्षी तर एकही डबा गेला नाही. सॉल्ट लेकच्या त्या घरात पाच पुडांचा डबा फडताळात बसून होता आणि बाईंना ते खरोखर लागलं होतं. "मी आता कोणाच्या उपयोगाची नाही गं," त्या आभाला फोनवर म्हणाल्या.

आभा आता बंगळूरला असते. वाढली कोलकात्यात, त्यामुळे तिचं मराठी बंगालीच्या वळणानं चालतं. ती म्हणाली, "आई, मी वेबसाइट बनवते. तू त्याच्यात एक फॉर्म लाव. लोक भरेल, तुला मेल येईल. फोन नंबर मात्र देऊ नको, कर्जवाले सतावेल."

पान आभानं केलं, पण फॉर्म आपणच करणार हा आईचा हट्ट. तीन दुपारी फोन कानाला लावून त्यांनी एकेक रकाना बसवला. नाव, पत्ता, फोन, माणसं किती, तिखट चालतं का. भरलेला मजकूर कोणत्या मेलवर जायचा तेही लिहिलं. पानाच्या तळाशी घातलं, 'डबा आणणार : प्रेमलताकाकू'. आणि आभानं फोन ठेवल्यावर स्वतःच्या अकलेनं आणखी एक रकाना वाढवला : 'कोलकात्यातली ओळख'. त्यावर लाल तारा लावला, म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकणार नाही. कोणाच्या ओळखीनं आलात हे कळायला नको का? पस्तीस वर्षांत त्यांच्याकडे ओळखीशिवाय कोणी आलंच नव्हतं.

मग चाचणी. स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता, ओळख : उषा साठे. बटण दाबलं आणि क्षणात फोन वाजला. मेल हजर! "हात्तिच्या, एवढंच होय?" म्हणून त्यांनी आणखी चारदा फॉर्म भरला, दर वेळी नवी ओळख घालून. ओळखींना काय तोटा!

त्यानंतर सगळं सामसूम. एक आठवडा, दोन, पाच. बाई रोज मेल उघडायच्या, नको असलेल्या मेलचा कप्पाही उपसायच्या. तिथं केसांचं तेल आणि लॉटरी. आभाला सांगून तपासून घेतलं. आभानंही फॉर्म भरला, ओळखीत आईचं नाव घातलं, मेल आला. म्हणजे फॉर्म ठणठणीत होता. नको होता तो डबाच. सहाव्या आठवड्यात त्यांनी डबा चिंचेनं लखलखीत घासला, कोरडा केला आणि माळ्यावर टाकला.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, फोन वाजला.

नाव : वैदेही. पत्ता : बराकपूर. माणसं : दोन, एक पाच महिन्यांचं. तिखट : चालतं. आणि ओळखीच्या रकान्यात लिहिलं होतं :

'ओळख कोणाचीच नाही. येऊन तीन आठवडे झाले. चार वेळा हा फॉर्म भरायला घेतला आणि इथंच अडले. आज खाली तुमचं नाव दिसलं. कोलकात्यात मला माहीत असलेलं हे एकच मराठी नाव, म्हणून तेच लिहिते : प्रेमलताकाकू.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मुरमुऱ्यांची ती रात्र आठवली. त्या दिवशी हा फॉर्म त्यांच्यासमोर असता तर या रकान्यात त्यांनी तरी काय लिहिलं असतं? ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यांच्याच तोंडावर त्यांनी दार लावून घेतलं होतं. आणखी किती जण असेच परत गेले असतील, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली. डोळे पुसत त्यांनी आधी तो रकाना काढून टाकला, मग वैदेहीला फोन केला, मग स्टूल घेऊन माळ्यावरचा डबा उतरवला.

दुसऱ्या दिवशी विधाननगर स्टेशनावरून लोकल पकडून त्या अकरालाच बराकपूरला पोचल्या. दार उघडलं ते विस्कटलेल्या केसांच्या, कडेवर बाळ घेतलेल्या मुलीनं.

"काकू, तुम्हाला न विचारता तुमचं नाव घातलं," ती ओशाळून म्हणाली. "तुमची माझी तर काहीच ओळख नव्हती."

"कालची गोष्ट सांगतेस," बाई म्हणाल्या. त्यांनी बाळ आपल्याकडे घेतलं आणि डबा तिच्या हातात दिला. "बस आधी. वरण अजून गरम आहे."