सलोमी सिस्टरचा मोडलेला उपास

सलोमी रणभिसे यांना आष्ट्यात कुणी आडनावानं ओळखत नाही. बत्तीस वर्षं वाळवा तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रांतून त्यांनी बाळंतपणं केली, लसी टोचल्या. निवृत्त झाल्या तरी "सिस्टरनी सांगितलंय" एवढं म्हटलं की हट्टी म्हातारी माणसंही गोळी मुकाट गिळतात.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुणीतरी कलिंगडात सुईनं लाल रंग भरत होतं. कुठला, कधीचा, काही पत्ता नव्हता. सिस्टरनी तो महिलांच्या ग्रुपवर पुढे पाठवला आणि खाली स्वतःचा आवाज जोडला : "मी सलोमी सिस्टर बोलतेय. गाड्यावरचं कलिंगड लेकरांना देऊ नका." चांगलं काम झालं, असं वाटून त्या भाजी निवडायला बसल्या.

पंधराएक दिवसांनी राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपासकाळाचा पहिला दिवस आला. चर्चच्या पाळकांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि सिस्टरनी दरवर्षीचा नेम धरला. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, दिवस मावळल्याशिवाय अन्न नाही, चहा नाही, मटण-मासे तर नाहीच. यंदा रमजानचा पहिला रोजाही दुसऱ्याच दिवशी होता.

उपासकाळात दर शुक्रवारी दुपारी चर्चच्या मंडळीतल्या अकरा बायका सिस्टरच्या घरी प्रार्थनेला जमत. दुसऱ्या शुक्रवारी शेजारची तानुबाई लवकर आली.

"सिस्टर, दस्तगीर बागवानाचा गाडा बंद झाला. कळलं का?"

"स्टँडजवळचा? का गं?"

"तुमचा आवाज समद्या गावात फिरलाय न्हवं. त्याच्याखाली कुनीतरी दस्तगीरच्या गाड्याचा फोटू लावला, आन त्याच्या धर्मावरनं कायबाय लिवलं. आता कोन घेतंय त्याच्याकडनं?"

"मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं."

"न्हवतं घेतलं," तानुबाई म्हणाली आणि तिनं प्रार्थनेसाठी पदर डोक्यावर ओढला.

त्या दिवशी सिस्टरना प्रार्थना जमेना. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाला सुई टोचली नव्हती. आणि इथे काही न बघता, न विचारता, साऱ्या गावाला टोचून मोकळ्या झाल्या होत्या. शिवाय मागच्याच नाताळात त्यांच्या या प्रार्थनेच्या खोलीबद्दल असाच एक मेसेज फिरला होता : इथे लोकांना बाटवतात म्हणे. चार दिवस बायका यायला घाबरत होत्या. तेव्हा सिस्टर किती चिडल्या होत्या, की लोक शहानिशा का करत नाहीत!

त्या पाळकांकडे गेल्या. पाळक माणूस चांगला, पण भित्रा. "देवाजवळ कबूल करा, बाई. बाहेर कशाला? आपण मूठभर लोक. आपल्याकडे पुन्हा बोट दाखवतील."

"मी देवाचा गाडा बंद पाडला नाही," सिस्टर म्हणाल्या आणि तिथून थेट दस्तगीरच्या घरी गेल्या.

दस्तगीर ओसरीवर रिकाम्या क्रेट रचत होता. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा. त्यानं सतरंजी टाकली. सिस्टर बसल्या नाहीत.

"दस्तगीर, तो आवाज माझा होता. मी खात्री केली नव्हती. माझं चुकलं."

त्यानं हातातली क्रेट खाली ठेवली. "सिस्टर, तुमचा आवाज ऐकला तवा मी बी घाबरलो. वाटलं, यापाऱ्यानंच भरलंय का काय. मी माझी तीन कलिंगडं कापून बघितली. सिस्टर बोलत्यात म्हंजी खरंच आसंल, आसं मलाच वाटलं."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन सिस्टरनी त्याच ग्रुपवर पुन्हा आवाज पाठवला. मी न तपासता बोलले, दस्तगीरच्या फळात काही खोट नाही, हेही पुढे पाठवा. पहिला आवाज गावभर गेला होता. हा दुसरा पाचसहा जणींनी ऐकला आणि तिथेच राहिला.

मग त्यांनी दस्तगीरला गाडा लावायला सांगितलं. बाजाराच्या दिवशी भर दुपारी त्या गाड्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. एक कलिंगड मधोमध कापायला लावलं.

"तुझा रोजा आहे. तुझ्यासमोर कसं खाऊ?"

"खावा वो. माजं गिऱ्हाईक हाय तुमी."

सिस्टरनी फोड तोंडाला लावली. सकाळपासूनचा उपास तिथे, स्टँडवरच्या गर्दीसमोर मोडला. लोक थांबले. वीरधवल नावाचा एक तरुण मोटारसायकलवरूनच म्हणाला, "काय सिस्टर, आता तुमी दोगं एक झाला व्हय?"

"मी खोटं बोलले होते, ते खाऊन दाखवतेय. तुलाही दाखवते, ये," सिस्टर म्हणाल्या. तो आला नाही. पण एका बाईनं विचारलं, आतल्या पांढऱ्या रेषा कसल्या, सुईच्या का? सिस्टरनी फोड हातात घेऊन दवाखान्यात समजावत तसं समजावलं की त्या फळाच्याच असतात. त्या बाईनं अर्धं कलिंगड नेलं.

त्यानंतर सिस्टर रोज दुपारी तासभर तिथे उभ्या राहत आणि सगळ्यांदेखत एक फोड खात. मंडळीत यावर बोललं गेलं. उपासकाळात बाई चौकात खाते, हे काहींना मुळीच रुचलं नाही. शुक्रवारच्या अकरा जणींपैकी चौघी मात्र त्यांच्यासोबत येऊन उभ्या राहू लागल्या. ईद झाल्यावर दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं पहिली फोड स्वतः खाल्ली आणि दुसरी त्यांना दिली.

धंदा पूर्वीसारखा झाला नाही. काही घरांचं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. वीरधवलसारखे आजही पलीकडच्या गाड्यावर जातात. पण गाडा चालू राहिला, आणि पवित्र आठवड्यात पाळक स्वतः येऊन, इकडेतिकडे बघत का होईना, एक कलिंगड घेऊन गेले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सिस्टरनी पाणीसुद्धा न घेता कडक उपास केला. उपासनेनंतर तानुबाईनं विचारलं, "दस्तगीर माफ केलं म्हनला का वो कवा?"

"नाही. मीही विचारलं नाही."

दस्तगीर खरंच कधी तसं बोलला नाही. एप्रिलचं ऊन चढल्यावर मात्र त्यानं घरून एक प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि सिस्टर यायच्या आधी ते गाड्याच्या सावलीत ठेवू लागला.