पेन ड्राइव्हमधला फेरा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी तिथून उठून जाणारी बाई. माझी सासू म्हणायची, भुताला भ्यायलासुद्धा रिकामा वेळ लागतो... तो मला कधी मिळालाच नाही. अंगात येणं, उतारा, करणी — यातलं काही मी मानलं नाही. आजही मानत नाही. पण गेल्या येळवशीला आमच्या शेतात जे झालं ते मला कुठंच बसवता येत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. शिक्षण माझं चौथी. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, ते बरं. शुद्धलेखनाच्या चुका माझ्या लेकीनं, ज्योतीनं, दुरुस्त केल्या आहेत. बाकी सगळं माझं आहे.

आमचं गाव चिंताकी, तालुका औराद, जिल्हा बीदर. शेत गावाच्या उगवतीला, औरादच्या रस्त्यापासून आत. शेताच्या मधोमध चिंचेचं झाड आणि अगदी टोकाला, पूर्वेच्या अंगाला, विहीर. त्या विहिरीतच ज्योतीचे वडील, माझे मालक, गेले. मोटार वर काढताना पाय घसरला असं सगळे म्हणतात. बघितलं कुणीच नाही.

पुढं पाणी पुरेना म्हणून माझ्या धाकट्या दिरानं, निवृत्ती भावजींनी, ती विहीर रुंद केली. त्यात पूर्वेचा जुना बांध खोदला गेला. पूर्वी जिथून माणसं चालायची, तिथं आता खाली काळं पाणी आहे. हे ध्यानात ठेवा.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडं हा सण घरात होत नाही, शेतात होतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुना लावलेले पाच दगड — पांडव — मांडून त्यांच्यावर शाल घालायची, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील यांचा निवद दाखवायचा. मग जेवायच्या आधी दोन गडी शेताला फेरा घालतात. पुढचा आंबिलीचं मडकं घेऊन हाक देतो, "ओलगे ओलगे..." आणि मागचा तांब्यातली आंबील डहाळीनं पिकावर शिंपडत उत्तर देतो, "सालम पोलगे". मागच्यानं मान वर करायची नाही, पुढच्याच्या टाचांकडं बघत चालायचं. आणि एकदा उत्तर दिलं की फेरा अर्धा सोडायचा नाही. अर्धा सोडलेला फेरा घरावर येतो म्हणतात.

आमच्यात पुढं मालक असायचे आणि मागं निवृत्ती भावजी. मालकांची हाक तीन शेतं पलीकडं जायची. बायका कोपीत बसून राहायच्या. बायकांनी उत्तर द्यायची रीत नाही. पण लग्न होऊन आले त्या पहिल्या येळवशीपासून मी मनातल्या मनात उत्तर देत आले... ओठ न हलवता. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांनाही नाही.

मालकांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. ते गेले त्याच्या आदल्या येळवशीला त्यांनी फोन रेकॉर्डिंगला लावून कोपीत पांडवांपाशी ठेवला होता आणि मग फेऱ्याला गेले होते. आल्यावर दोघा भावांनी ते ऐकून हसून घेतलं होतं. तो फोन नंतर बंद पडला, काच गेली, पण आतलं मेमरी कार्ड मी हळदीकुंकवाच्या डबीत जपून ठेवलं होतं. फोटो घरात भिंतीवर आहेत. आवाज मात्र तेवढाच.

ज्योती गुलबर्ग्याला दवाखान्यात नर्सिंगचं काम करते. औरादच्या मोबाइलवाल्यानं तिला सांगितलं होतं की असली जुनी कार्डं एक दिवस अचानक उघडायची बंद होतात, आतलं लवकर दुसरीकडं उतरवून घ्या. तिच्या नव्या फोनला कार्डाची जागाच नाही. म्हणून तिनं एक हब आणला — फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारी वायर, आणि तिच्या टोकाला चपटी डबी, तिला चार तोंडं. एका तोंडात कार्ड, एका तोंडात पेन ड्राइव्ह. फोनमध्ये जागा नसली तरी चालतं, फोन मधे बसून नुसता इकडचं तिकडं करतो, असं तिनं मला समजावलं.

येळवशीला ती सकाळच्या गाडीनं थेट शेतावर आली आणि पांडवांची पूजा झाल्यावर कोपीतच हे सगळं मांडून बसली. भावजींनी ती डबी हातात घेऊन उलटी-पालटी केली.

"ज्योते, ह्ये म्हशीच्या कासंवानी दिसायलंय की. कुठल्या सडातनं दूध येतंय?"

"काका, त्या एकाला सोडून बाकीच्याला हात लावू नका. आटंल."

भावजी हसले. त्यांचं हसणं ऐकवत नाही आता. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा आवाज फाटक्या सुपातून धान्य पाखडल्यासारखा येतो. तरी मालक गेल्यापासून ते पुढं होऊन हाक द्यायचे, शेजारच्या रानातले एक गृहस्थ मागं उत्तराला यायचे, आणि फेरा नव्या वाटेनं जायचा — बोरीच्या झाडापासून आत वळून, विहीर टाळून. त्या दिवशी त्या गृहस्थांची वाट बघणं चाललं होतं. मडकं भरलेलं, आंबिलीचा तांब्या आणि डहाळी दाराशी ठेवलेली.

कार्ड उघडलं. ज्योतीनं एवढा मोठा श्वास सोडला की मला कळलं, ती पण घाबरलेली होती. आधी सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. पेन ड्राइव्हचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता. तो थांबला. झालं, आता कार्ड गेलं तरी चालेल, असं ती म्हणाली आणि मग तिनं कार्डातलं ते रेकॉर्डिंग लावलं.

आधी नुसता वारा. कडब्याची सळसळ. आणि मग त्यांची हाक.

"ओलगे ओलगे..."

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. सवयीनं मनात उत्तर आलं, एवढंच. पण फोनमधून मात्र उत्तर आलं नाही. हाकेनंतर उत्तराएवढी जागा मोकळी. पुन्हा हाक, पुन्हा मोकळी जागा. भावजी पुढं सरकले. म्हणाले, असं कसं, मी मागं होतो की अण्णाच्या, माझा आवाज कुठं गेला? आम्ही तेव्हा ऐकलं त्यात तर होता. ज्योती म्हणाली, जुनं कार्ड आहे, काही भाग उडाला असेल.

तिसऱ्या हाकेला भावजींनी त्या मोकळ्या जागेत, त्यांच्या त्या घोगऱ्या आवाजात, उत्तर दिलं. "सालम पोलगे."

मुद्दाम दिलं असं मला वाटत नाही. जन्मभराची सवय. मी जे मनात करत होते तेच ते तोंडानं करून बसले. पण उत्तर दिल्यावर ते उठले. दाराशी ठेवलेला तांब्या आणि डहाळी घेतली आणि मान खाली घालून बाहेर पडले. ज्योतीला वाटलं, काकांना भरून आलं, बाहेर जाऊन रडत असतील. ती फोनकडंच बघत होती.

मी कोपीच्या तोंडाशी बसले होते. ते धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लागले आणि हरभऱ्यावर आंबील शिंपडत चालले. फोनमधली हाक हळूहळू लांब जात होती. त्यात नवल नव्हतं... फोन कोपीत होता आणि मालक त्या वर्षी चालत लांब गेले होते. पण भावजी जेवढे लांब जात होते तेवढीच ती लांब जात होती. आणि प्रत्येक हाकेनंतर तिकडून भावजींचं उत्तर येत होतं. मला इथं, फोनशेजारी, हाक धड ऐकू येत नव्हती. त्यांना तिथं ती कशी ऐकू येत होती?

बोरीपाशी त्यांनी आत वळायला हवं होतं. ते वळले नाहीत. सरळ गेले, जुन्या वाटेनं, जिथं आता बांध नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं. भावजी... एवढंच म्हणायचं होतं. आवाज फुटला नाही. मी धावले असते तरी पोचले नसते. मागं वळले तर फोन, वायर, ती चार तोंडांची डबी, आणि त्यात बारीक झालेला मालकांचा आवाज. मी वायर धरली.

"माय, तसं उपटू नकोस. कार्ड जाईल आपलं."

ते मलाही ठाऊक होतं. मी उपटली.

कोपीत एकदम शांत झालं. बाहेर बघितलं तर भावजी थांबले होते. विहिरीच्या अगदी कडेला. ज्योती बोंबलत धावली तेव्हा त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ती त्यांच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागं ओढेपर्यंत ते खाली पाण्याकडं बघत होते, आणि पायाखालची ढेकळं सुटून पाण्यात पडत होती.

कोपीत आणून बसवल्यावर त्यांनी पाणी प्यायलं नाही. मी पदर पुढं ओढून बसले होते. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, अण्णा थांबले म्हून मी थांबलो."

ज्योतीनं विचारलं, कोण थांबलं? तर म्हणाले, "पुढं टाचा दिसायल्या होत्या. वल्ल्या होत्या." त्या वर्षी फेरा अर्धाच राहिला. संध्याकाळी आम्ही पांडवांवरची शाल उचलली आणि घरी आलो.

कार्ड गेलं ते गेलंच. फोनला लावलं की 'फॉरमॅट करा' असं येतं. ज्योतीनं ते गुलबर्ग्याला दोन दुकानांत दाखवलं. आत काही नाही म्हणाले. पण पेन ड्राइव्हवर तर आधीच सगळं उतरवलेलं होतं... दिवा थांबलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, आणि पेन ड्राइव्ह त्यानंतर कुणी हलवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीला निघायच्या आधी, ज्योतीनं ओट्यावर बसून हब जोडला आणि पेन ड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग लावलं. वारा. कडब्याची सळसळ. मालकांची हाक, आणि मोकळी जागा. दुसरी हाक, मोकळी जागा. आणि तिसऱ्या हाकेपासून... भावजींचं उत्तर.

आता तुम्ही म्हणाल, त्या वर्षी ते मागं होतेच, त्यांचं उत्तर असणारच. पण तो आवाज घोगरा होता. फाटक्या सुपाचा. त्या वर्षी त्यांचा गळा धड होता, ऑपरेशन मालक गेल्यावर झालं. ज्योतीनं पुन्हा पुन्हा लावून बघितलं. तिच्या ओळखीच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं नंतर सांगितलं की दोन रेकॉर्डिंगं एकमेकांत मिसळली असतील. पण दुसरं रेकॉर्डिंग झालंच कधी? फोन रेकॉर्डिंगला लावला नव्हता. आणि फाइल उतरून झाली तेव्हा भावजी नुकतेच म्हशीच्या कासेवरून हसले होते, उत्तर त्यांनी दिलंच नव्हतं.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

भावजींचं उत्तर बारीक बारीक होत जातं आणि एका जागी तुटतं. मी वायर उपटली तीच ती जागा असणार. पण रेकॉर्डिंग तिथं संपत नाही. मालकांची हाक पुढं येते, एकटी. उत्तर नाही. पुन्हा हाक. मग उत्तर येतं, बाईचं. दबलेलं, पण फोनच्या अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं स्पष्ट.

ज्योतीनं फोन खाली ठेवला. "माय, तू तवा उत्तर दिलतीस का?"

मी नाही म्हटलं. ते खरं आहे. माझे ओठ हलले नव्हते — त्या दिवशीही नाही आणि मालक होते त्या वर्षीही नाही. पण आवाज माझा आहे. माणसाला आपला आवाज ओळखता येत नाही म्हणतात. मला आला.

त्याच्यापुढं प्रत्येक हाकेला ते उत्तर आहे. आणि हाक लांब जात नाही, जवळ येत जाते, कारण फेरा शेवटी कोपीपाशीच येऊन संपतो. शेवटची हाक सगळ्यात मोठी आहे, कोपीच्या दारातून दिल्यासारखी. तिथं फाइल संपते. त्या हाकेला उत्तर नाही.

भावजींना आम्ही हे ऐकवलेलं नाही. ज्योती म्हणाली, पुसून टाकू या, माय, मला भीती वाटायलीय. मी म्हटलं, राहू दे. पेन ड्राइव्ह आता हळदीकुंकवाच्या डबीत आहे, त्या मेलेल्या कार्डाशेजारी. मी परत कधी ऐकलं नाही. लावायचं कसं ते मला येत नाही, आणि ज्योतीला मी विचारलेलं नाही.

हे काय होतं ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगावं... पण उतारा वगैरे सांगू नये, ते मी करणार नाही.

येळवस पुन्हा तोंडावर आली आहे. फेऱ्याला कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही. मी कोपीत बसेन, पांडवांपाशी, दरवर्षीसारखी. ओठ मिटून बसणं मला जमतं. मनाचं मला सांगता येत नाही.