खंड्याचा अळणी भात

रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून मंदाकाकूंचा फोन आला तेव्हा मी पेणच्या घरी दुपारचं पान वाढून घेत होते. कुकरच्या शिट्ट्या थांबेनात म्हणून त्या शेजारून वहिनींच्या घरात डोकावल्या होत्या. वहिनी ओट्याशी पडलेल्या होत्या... गेलेल्या. कुकरमध्ये भात होता तो कुत्र्याचा. काकू एवढं सांगून थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "खंड्या स्वैपाकघरातनं हलत नाय. तू लवकर ये गो."

खंड्या खरं तर माझ्या दादाचा. दादा रोह्याच्या कंपनीत होता. एकदा शिफ्टवरून परतताना कुंडलिकेच्या पुलाजवळ हे तांबूस पिल्लू दिसलं आणि त्यानं ते डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं. वहिनींना कुत्र्याचं फारसं प्रेम नव्हतं. त्या धरमतरकडच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. हात कडक, बोलणं थोडं. दादा मात्र त्याचे लाड करायचा. ओटीवर खुर्ची टाकून तो चहा प्यायचा आणि प्रत्येक बिस्किटाचा अर्धा तुकडा खंड्याचा. जेवताना आमटीभात, भाजलेली सुकट, सणाला तूप लावलेली पोळी. वहिनी कुरकुरायच्या. त्यालाही जीव आहे, खाऊ दे की, एवढंच दादा म्हणायचा. खंड्या गोल गरगरीत झाला आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत राहिलो.

दादा अचानक गेला, झोपेतच. पुढच्या काही आठवड्यांत खंड्या खंगत गेला. सारखं पाणी प्यायचा, खाल्लेलं ओकून टाकायचा. दुःखानं करतोय असं सगळ्यांना वाटलं. वहिनींना वाटलं नाही. त्या त्याला रिक्षात घालून रोह्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. रक्त तपासलं. डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं थकली आहेत. मीठ, सुकी मासळी, बिस्किटं, कांदालसूण घातलेलं माणसांचं जेवण सगळं बंद. मऊ भात, उकडलेला भोपळा, अंड्याचा पांढरा भाग, कधी चार तुकडे उकडलेली कोंबडी. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. त्या दिवशी वहिनींनी मला फोन केला आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "वन्सं, मिठाच्या घरात वाढले मी," त्या म्हणाल्या. "आता ह्याला अळणी कसं घालू?"

पहिला भात त्यांनी आधी स्वतः चाखून बघितला. खंड्यानं मात्र हुंगून तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसून बोटानं घास पुढे करू लागल्या. ज्या बाईनं त्याला कधी कुरवाळलं नव्हतं ती. आळीत लोक बोलायला लागले. नवऱ्यावरचा राग मुक्या जनावरावर काढते, त्याला उपाशी मारते, असं कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं. मंदाकाकूही तेव्हा त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या आणि येता-जाता कुंपणावरून खंड्याला चपातीचा तुकडा टाकायच्या. वहिनींनी भांडण केलं नाही. त्या खंड्याला उचलून आत न्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

दिवाळीनंतर मी दोन दिवस राहायला गेले होते. खंड्या थोडं थोडं खाऊ लागला होता. संध्याकाळी आम्ही ओटीवर चहा घेत बसलो. दादाची खुर्ची होती तिथेच होती. कुणी बसत नव्हतं. खंड्या उठला, खुर्चीपुढे जाऊन बसला, मान वर केली, शेपटी हलवू लागला. जरा वेळानं त्यानं जिभेनं तोंड चाटलं, अगदी काही खाल्ल्यासारखं. माझ्या हातातला कप तसाच राहिला. वहिनींनी खुर्चीकडे न बघता, भाजी निवडता निवडता म्हटलं, "नका देऊ त्याला. पोटाला बाधतं."

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "रोजचं हाय हे. बिस्किट बंद केलं ना, तर वाटतं, मी तुमच्या दादाचाच हात धरून ठेवलाय."

त्यांना भीती वाटते का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्या घरात मी एकटी राहिले असते का, तेही सांगता येत नाही. त्या राहिल्या. खंड्या सावरला, अंगावरचे केस पुन्हा चमकू लागले. मंदाकाकूंनीच एक दिवस भोपळा आणून दिला आणि बोलणं सुरू झालं. वहिनी त्याचं जेवण शिजवायच्या आणि आपल्यापुरती आमटी शेवटी शिजत टाकायच्या, पुष्कळदा विसरूनही जायच्या. फोनवर मी त्यांची तब्येत विचारली की त्या खंड्याची सांगायच्या. त्यांच्या छातीत दुखायचं हे मला त्या गेल्यावर कळलं.

आता खंड्या माझ्याकडे पेणला आहे. त्याला इथे आणून महिना होऊन गेला. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून रंगाचा वास आला की शिंकतो, बाकी तक्रार नाही. मी भात मऊ शिजवते, भोपळा कुस्करते, मीठ घालत नाही. तो निमूट खातो. पण खाऊन झालं की जागचा हलत नाही. डोळे मिटून तोंड वर करून उभा राहतो. मला काही समजेना, म्हणून मंदाकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगो, ती पदरानं त्याचं तोंड पुसायची. रोज."

दुसऱ्या दिवशी मी ओढणीचं टोक घेऊन पुढे झाले. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, दोन पावलं बाजूला सरकला, आणि तिथे, ओट्याच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, पुन्हा तोंड वर केलं. मी थांबले. थोड्या वेळानं त्यानं मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या... आणि शांतपणे जाऊन दाराशी पडला.

मी आता ओढणी घेत नाही. त्याचं जेवून झालं की स्वैपाकघरातून जरा बाहेर येऊन उभी राहते.