लोंढे बाईंचं वारज्याचं गवत

परवा गुरुवारी सकाळी लोंढे बाई वारज्याहून रिक्षाने आमच्या ऑफिसात आल्या. पाणी नको म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या... भिंग मागितलं.

आमचं ऑफिस म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. लोखंडी कपाटं, त्यात जाड कागदाच्या शीट्स, प्रत्येक शीटवर दोऱ्याने टाचलेली एक वनस्पती आणि कोपऱ्यात लेबल... नाव काय, कुठे मिळाली, कोणी ओळखली. मी कॉन्ट्रॅक्टवर त्या शीट्स स्कॅन करते.

गेल्या महिन्यात देवधर सरांनी मला एक पॅनेल करायला सांगितलं. संस्थेतल्या जुन्या संशोधक बायकांवर, दारातच लावायला. यादीत चार नावं होती. स्कॅन करता करता मला पाचवी बाई सापडली... म्हणजे नाव नाही, नुसतं अक्षर.

गवतांच्या सगळ्या शीट्सवर 'ओळखणारे' म्हणून तेव्हाच्या साहेबांचं नाव टाइप केलेलं आहे. पण फिरतीवर लिहिलेल्या वह्या दुसऱ्याच हातच्या. बारीक, तिरपं, पेन्सिलीचं अक्षर. जुन्या हजेरीपटावर तसंच अक्षर मिळालं... क. लोंढे, टेक्निकल असिस्टंट.

मी धावत सरांकडे गेले. ते म्हणाले, "अक्षर बाईंचं, मान्य. पण गवत त्यांनीच ओळखलं कशावरून? साहेबांनी सांगितलं आणि यांनी उतरवून घेतलं, असंही असेल."

वाईट याचं वाटलं की सरांचं बरोबर होतं. ज्याचं काम त्याचं नाव हवं, पण चुकीचं नाव छापणं हेही तितकंच वाईट. पॅनेल शुक्रवारी प्रिंटला जाणार होतं...

मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही, आत्याने घरीच शिकवलं. प्रेमाने शिकवलं, पण चुकलेलं पान ती फाडून टाकायची. माझ्या वह्या फार सुंदर दिसायच्या, आणि फार पातळ असायच्या. चुकायची धास्ती तेव्हापासूनची.

शेवटी पेन्शनच्या फाइलमधून नंबर काढून बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "वारज्याच्या माळावरची शीट आहे का अजून? उद्या येते."

तर त्या आल्या. मी विचारलं, तुम्ही गवतांकडे कशा वळलात? "वळले नाही, वळवलं. साहेब म्हणायचे, गवत म्हणजे काय, गवतच. ज्याला फूल दिसत नाही ते बाईंकडे द्या."

मी वारज्याची शीट समोर ठेवली. चाळीसेक वर्षांपूर्वीची. "इथे आता आमच्या सोसायटीचं पार्किंग आहे," म्हणाल्या, आणि लगेच, "हे नाव चुकलंय."

मला वाटलं, माझ्या स्कॅनिंगमध्येच काहीतरी घोळ...

"तुमचं नाही हो, माझं. गवत काढलं तेव्हा कुसळं झडून गेली होती, आणि हे ओळखायचं तर कुसळावरूनच. मी अंदाजाने नाव दिलं, आणि नक्की नाही असं वहीत लिहून ठेवलं. लेबल टाइप होऊन आलं त्यात ते 'नक्की नाही' गेलं. परत बघायचं राहूनच गेलं."

देवधर सर दारात उभे होते. ते कपाटाकडे गेले, त्या वर्षीची वही काढली, शीटचा नंबर शोधला. पेन्सिलीत लिहिलं होतं... 'कुसळं झडलेली. नाव नक्की नाही.'

शीटच्या कोपऱ्यात एक कागदी पाकीट असतं, गळून पडलेले कण त्यात ठेवतात. बाईंनी ते उघडलं आणि पात्यांत अडकून राहिलेलं, वाळल्यावर गळलेलं एक कुसळ चिमट्याने बाहेर काढलं. भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. मग बरोबर नाव सांगितलं, शांतपणे, जसं काही कालच विचारलं होतं.

सर म्हणाले, "बाई, तुमचा सन्मान करायचा म्हणून बोलावलं, तर तुम्ही स्वतःचीच चूक काढून बसलात."

"चूक माझी, हे तर आता पटलं ना?" बाई म्हणाल्या. "मग बाकीची बरोबर आलेली नावं कोणाची, ते तुम्हीच ठरवा."

सर हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पॅनेलवर पूर्ण नाव घ्या. विचारून घ्या, कसं लिहायचं ते."

आमच्याकडे जुनं लेबल कधी खोडत नाहीत, काढत नाहीत. त्याखाली नवी चिठ्ठी चिकटवतात. बाईंनी काळ्या शाईने चिठ्ठी लिहिली. नवं नाव, खाली कमल लोंढे, खाली तारीख. इतक्या शीट्सपैकी एकीवरही त्यांचं नाव नव्हतं... पहिलं आलं ते या दुरुस्तीवर.

पॅनेलवर तीच शीट घ्या, असा त्यांचा आग्रह. लेबल आणि चिठ्ठी, दोन्ही दिसतील अशी. घेतली.

काल स्कॅनच्या रजिस्टरमध्ये माझी एक चूक सापडली. पान बदलावं असं पटकन मनात आलंच... मग त्यावर एकच रेघ मारली, शेजारी बरोबर नोंद केली आणि पुढे सही केली. पूर्ण नावाची.

थँक्यू, बाई.