कपारीतली सुकी लाकडं

सहल आखावी तर माझ्यासारखी, असं मी शनिवारपर्यंत रसायनीच्या अख्ख्या कॉलनीला ऐकवत होतो. एकाच कारखान्यातले आम्ही तिघं, मी, सावंत आणि गायकवाड. कर्जतच्या वरच्या अंगाला जंगलात एक धबधबा आहे, तो पाहून दिवेलागणीला घरी परतायचं, असा बेत होता. चढ फार अवघड नाही, पण दुसऱ्या दिवशी पाय दुखल्याचं समाधान मिळेल इतपत. कुठली यष्टी पकडायची, पोळ्या कोणी आणायच्या, दोर कोणी, जादा कपडे कशात गुंडाळायचे, सगळं मीच ठरवलं. चहा मात्र धबधब्यापाशी ताजा करायचा हा माझा हट्ट. त्यासाठी वातीचा लहान स्टोव्हसुद्धा पिशवीत घेतला.

"वऱ्हाड निघालंय की काय?" सावंतने विचारलं.

"आत्ता हसतोस, मग पहिला कप तूच मागशील," मी म्हटलं.

रसायनीजवळच्या चौक गावाहून कर्जतला आणि तिथून दुसऱ्या यष्टीने डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. श्रावण लागला होता. दोन्ही बाजूंना भात पोटरीपर्यंत आलेला, आणि बांधावर इरली (बांबू आणि पानांची पाठीवर घ्यायची छत्री) घेतलेली माणसं. त्यांतल्या एका म्हाताऱ्याला वाट विचारली.

"सरळ जावा. ठाकरांची वाडी लागंल, तिथनं वढ्याच्या कडंनं वर," तो म्हणाला. "शेवाळावर पाय जपा रं. शेरातली मानसं तुमी."

सावंतने शहरातल्या माणसांची लाज तिथेच घालवली. पहिल्याच ओढ्यात तो घसरून बसला आणि पोळ्यांचा डबा घेऊनच बसला. पोळ्यांचा लगदा आम्ही लोणच्याबरोबर चालता चालता संपवला. वाडीतल्या झोपड्यांमधून धूर निघत होता. एका दारातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं, पण आम्ही थांबलो नाही. माझ्या आखणीत तिथं थांबणं नव्हतं.

धबधबा मात्र खरोखर देखणा होता. काळ्या कड्यावरून पाणी तीन टप्प्यांत उतरत होतं, आणि त्याच्या तुषारांनी समोरची झाडं सतत हलत होती. आम्ही पोरांसारखे त्यात उभे राहिलो. बाहेर आलो तेव्हा दातावर दात वाजत होते. थोडं खाली कड्याला एक मोठी कपार होती, तिथं शिरलो. मी ऐटीत स्टोव्ह काढला आणि रॉकेलच्या डब्यासाठी पिशवीत हात घातला. डबा घरीच राहिला होता.

सावंत पोट धरून हसला. गायकवाडने पिशवी पुन्हा एकदा चाचपून पाहिली, ते मला जास्त लागलं. सगळी सहल आखणाऱ्याची ही फजिती! तेवढ्यात कपारीच्या आतल्या कोपऱ्यात सुक्या लाकडांची नीट रचलेली रास दिसली. तिच्यावर एक चपटा दगड ठेवलेला होता.

"कुणाची असतील का रे?" गायकवाड म्हणाला.

"या पावसात इथं कोण मरायला येतंय? पडून राहिलीत," मी म्हटलं.

आमच्या गावीही गवताच्या भाऱ्यावर, गोवऱ्यांच्या ढिगावर असाच दगड ठेवतात. तो दिसला की दुसरं कोणी हात लावत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही चुलीला दोन दगड मिळाले आणि तिसरा मिळेना, तेव्हा मी तोच दगड उचलून लावला.

चहा झाला. मग कपडे वाळवायला आम्ही जाळ मोठा केला. बसायला जागा हवी म्हणून उरलेली लाकडं बाहेर ढकलली. ती पावसात चिंब झाली, तेव्हा आम्ही दुसरा कप पीत होतो.

ओढ्याकडून एक वयस्कर बाई आली. डोक्यावर इरलं, हातात दोर. आधी तिने कोपरा पाहिला, मग जाळ, मग आम्हाला.

"दगड ठेवला व्हता ना रं वर?" ती म्हणाली.

मी हातातला कप खाली ठेवला. ती खाली बसली.

"घरात पानी ठिबकतंय, म्हून उन्हाळ्यात हितं आनून ठेवली व्हती. लेक बाळंत झालीय. तिला शेक द्यायचाय, लेकराला ऊन पानी लागतंय. घरात सुकी काटकी नाय."

"मावशी, आम्ही आणून देतो," मी म्हटलं.

"कुठनं आनशील, बाबा? समदं रान वलं हाय. वल्या लाकडाचा धूर लेकराला सोसंल का?"

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. आम्ही रानभर हिंडलो, फांद्या तोडल्या, कपारीत रचल्या. त्या वाळायला कित्येक दिवस लागणार हे आम्हालाही दिसत होतं. तिने सवयीने चुलीतला तो दगड उचलला, राख झटकून राशीवर ठेवला.

"आता कुनी हात लावनार नाय," ती म्हणाली. मी मान खाली घातली.

वाडीत तिच्याबरोबर गेलो. बातमी पसरली तशी शेजारच्या बायकांनी आपापल्या चुलीवरच्या माळ्यावरून थोडी थोडी सुकी लाकडं काढून दिली. त्यांच्याकडेही ती मोजकीच होती. मी दारात उभा राहून पाहत होतो. आत जाळ पेटला. म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "भिजलाव तुमी. आत या, शेकून घ्या." एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. यष्टी चुकेल, असं काहीतरी पुटपुटून आम्ही निघालो, आणि परतीच्या वाटेवर सावंतसुद्धा हसला नाही.

घरी पोचलो तर रॉकेलचा डबा उंबऱ्याशीच होता. बायकोने तो उचलून दाखवला.

"अहो, हे इथंच राहिलं की! मग चहा कशावर केलात?"

थाप मारायचं मनात आलं होतं. पण डबा तिच्या हातात होता. मी सगळं सांगितलं, दगडासकट. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिने डबा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "त्या पोरीला मुलगा झाला की मुलगी?"

ते आम्हा तिघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं.