जिराफची गाडी

माझ्या धाकट्या भावाला लोक मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, शिलाईचा. आमचं दुकान म्हणजे पुढे काच, मागे दोन मशिनं, मधे कपडा कापायचं लांबलचक टेबल आणि त्याच्या मागे आम्हा दोघांचं घर. नवे कपडे आता कोण शिवून घेतंय? आमच्याकडे येतात ते उसवायला, आवळायला, पँटची लांबी कमी करायला. मशीनवर तो बसतो, गिऱ्हाइकाशी मी बोलते. खरं तर उलटं असायला हवं होतं, कारण माझ्या जिभेला हाड नाही. पण त्याच्या तोंडून एक शब्द काढायचा तर माझी अर्धी सकाळ जाते, मग काय करणार?

रविवारी दुपारी शटर अर्धं खाली आलं की टेबलावरच्या कात्र्या, खडू, टेप सगळं बाजूला व्हायचं आणि टेबलाच्या कडेला तो गेमचं स्टिअरिंग स्क्रूने आवळून बसवायचा. समोर टीव्ही, पायाशी पेडल. चाळिशी उलटलेला घोडा! मी काही बोलायला गेले की म्हणायचा, "ताई, इव्हेंट आहे," जणू मंत्र्यांनीच बोलावलंय.

इव्हेंट म्हणजे त्या गेममधली दर आठवड्याची नवी शर्यत. कधी जुन्या छोट्या गाड्या, कधी चिखलात जीप. यांची चौघांची टोळी, प्रत्येक जण आपापल्या घरून खेळणार. एक आमचा मास्तर. दुसरा दवाखान्यातला कंपाउंडर, जो हरला की इंटरनेटला शिव्या घालतो. तिसरी शाळेत गणित शिकवणारी बाई. खऱ्या आयुष्यात रस्ता ओलांडताना ही तीनदा मागे येते, आणि गेममध्ये मात्र सगळ्यांना धडका मारत सुटते. आणि चौथा जिराफ. तो उंच इमारतींच्या कामावर क्रेन चालवायचा. दिवसभर ढगात बसणाऱ्याला दुसरं काय नाव देणार? आमच्याच गल्लीत वाढलेला, मास्तरचा अगदी जिवाभावाचा, पण कामामागे लांबच्या शहरात गेलेला. रविवारची शर्यत हीच त्या दोघांची भेट.

गाड्या चौघांच्या, पण त्यांचं ट्यूनिंग मास्तरकडे. टायरमधली हवा, स्प्रिंगा, गिअर, ब्रेक पुढे किती नि मागे किती, हे आठवडाभर तो खालीवर करत बसायचा. "एकच माप चौघांना कसं बसेल, ताई?" बाई ब्रेक उशिरा दाबते, म्हणून तिच्या गाडीला ब्रेक कडक. कंपाउंडरला गिअर बदलायचा आळस, म्हणून त्याचे गिअर लांब. मग रविवारी सकाळी तो प्रत्येकाला सेटिंग पाठवायचा आणि तिघं डोळे मिटून ती लावायचे. शर्यत संपल्यावर गेममध्ये साठवलेली ती शर्यत हा पुन्हा लावून बघायचा. स्वतःची नाही, त्यांची.

मी मागे भांडी घासत असायचे आणि टीव्हीतून जिराफचा आवाज यायचा. "ताई, ऐकतेस ना? तुझ्या भावाला झुडपात पार्क केलंय, संध्याकाळी येऊन घेऊन जा!" मी तिथूनच ओरडायचे, "आधी तू तुझी मान सांभाळ, दाराला आपटेल!" असे ते रविवार होते. तेव्हा वाटायचं, काय हा गोंगाट.

तर शर्यती पुन्हा बघता बघता मास्तरला एक गोष्ट दिसली. सरळसोट रस्त्यावर, जिथे स्टिअरिंगला काही कामच नसतं, तिथे जिराफच्या गाडीचं नाक थरथरत होतं. त्याला आधी वाटलं टायर. टायर बदलले. मग स्प्रिंगा बदलल्या. मग त्याच्या ध्यानात आलं की दोष गाडीत नाही, हातात आहे.

आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? फोन करेल. आमच्या बंधुराजांनी तोंडात गुळणी धरली आणि जिराफच्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं केलं. हात जरासा हलला तर गाडीला कळूच द्यायचं नाही, असं. पुढच्या आठवड्यात आणखी जरासं. जिराफ जिंकत राहिला. "मास्तर, लोण्यासारखी चालते रे!" म्हणायचा, आणि मास्तर मान खाली घालून हसायचा.

ही खोड बाबांची. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं की बाबा चकार शब्द न काढता कंबर दोन बोटं सैल करून द्यायचे. तो माणूस आरशात बघायचा, अजून आहे तस्साच आहे मी, असं म्हणून खूश होऊन जायचा. मास्तर हे बघतच मोठा झाला. मी तर तोंडावर सांगते, साहेब, जिने चढत जा जरा. म्हणून बाबा होते तोवर त्यांनी मला पुढे बसू दिलं नाही.

मग एका रविवारी असा इव्हेंट आला की ट्यूनिंगला बंदी. गाडी कारखान्यातून निघते तशीच, सगळ्यांना सारखी. पहिल्याच सरळ रस्त्यावर जिराफ भिंतीवर. गाडी मागे घेतली, पुन्हा भिंत. कंपाउंडर खिदळायला लागला, "काय रे, भर दुपारी टाकलीस की काय?" मलाही हसू आलं. मास्तर हसला नाही.

"मास्तर," जिराफ म्हणाला, "तू माझ्या गाडीला काय करत होतास?"

खोटं बोलणं माझ्या भावाला जमतच नाही. "स्टिअरिंग ढिलं करत होतो."

"केव्हापासून?"

"उन्हाळ्यापासून."

मग जिराफ म्हणाला, "मी रोज माणसांच्या डोक्यावरून लोखंड फिरवतो. तुला माहीत होतं, आणि तू मला गेम जिंकवत बसलास?" आणि त्याचं नाव पडद्यावरून गेलं.

कामावर कोणाला काही झालं नव्हतं, नशीब. तो स्वतःच डॉक्टरकडे गेला, क्रेनवरून उतरला आणि त्याच कंपनीच्या गोदामात बसायला लागला. हे सगळं कंपाउंडरकडून कळलं. मास्तरचे फोन त्याने उचललेच नाहीत. मी मास्तरला तेव्हा काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. तो खाली मान घालून काज करत बसला.

त्यानंतरही रविवार येतच होते. बाई एकदा म्हणाली, "आमच्या शाळेतले एक सर खेळतात, घेऊया का त्यांना?" मास्तर म्हणाला, "जागा भरलेली आहे." आणि कसली भरलेली? रांगेत तीन गाड्या आणि शेजारी मोकळा रस्ता. जिराफची गाडी मात्र तो दर आठवड्याला तयार करायचा. शर्यत सुरू करायच्या आधी जरा थांबायचा. बाई आणि कंपाउंडरही थांबायचे. मग हा म्हणायचा, "चला."

आणि खरं सांगू? मलाही घर खायला उठायचं. कानाला सवय लागली होती त्या मेल्याच्या आवाजाची. भांडी घासताना नळ मी बारीक सोडायला लागले. न जाणो, "ताई, ऐकतेस ना" आलं आणि पाण्याच्या आवाजात गेलं तर?

एक दिवस मास्तर असाच जिराफच्या गाडीशी खेळत बसलेला दिसला आणि मी सहज विचारलं, "त्याचं स्टिअरिंग आता कसं ठेवतोस?"

"ढिलंच."

"अजून?" माझं डोकंच फिरलं. "अरे, ज्या गोष्टीवरून तो गेला, तीच तू दर आठवड्याला नव्याने शिवतोयस?"

"घट्ट केलं तर भिंतीवर जाईल गं तो."

"जाऊ दे! हात त्याचा, गाडी त्याची, भिंत त्याची. तू कोण मधे अस्तर लावणारा?"

रात्रीच्या जेवणाआधी त्याने बसून सगळं उसवलं. उसवताना ओठ आत ओढून घेतो ना, तसाच चेहरा करून. जिराफच्या सवयीचं, त्याच्या हाताचं जे जे त्या गाडीत घातलं होतं, ते सगळं काढलं. सेटिंग पाठवली आणि खाली लिहिलं, "सगळं उसवलंय. आत काही लपवलेलं नाही. चुकलो."

उत्तर आलं नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. मास्तर चहा निववून प्यायला लागला, म्हणजे प्यायचं विसरायचा. मी रागवायचंही सोडून दिलं.

मग एका दुपारी गाड्या रांगेत उभ्या असताना पडद्यावर चौथं नाव आलं. मी ओल्या हातांनीच बाहेर आले.

शर्यत सुरू झाली. जिराफने तीच उसवलेली गाडी आणली होती. भिंत. परत रस्त्यावर. पुन्हा डावीकडेच, झुडूप. परत रस्त्यावर. आता त्या गेममध्ये असं आहे, की पहिल्याने शेवटची रेषा ओलांडली की मागच्यांना थोडाच वेळ मिळतो, मग शर्यत बंद. म्हणून ही तिघं रेषेपाशी पोचली आणि अलीकडेच उभी राहिली. बाईसुद्धा! बऱ्याच वेळाने जिराफची गाडी खरवडत खरवडत आली आणि यांच्या मागे थांबली.

"पुन्हा तेच का?" टीव्हीतून त्याचा आवाज आला. "व्हा पुढे. मी शेवटचा आलोय, शेवटचाच जाईन."

तिघंही मुकाट्याने पुढे गेली. मग तो गेला.

"ताई, ऐकतेस ना?"

"ऐकतेय रे मेल्या," मी म्हटलं. डोळ्यांना पदर लावायलाही हात कोरडे नव्हते.

"मास्तर," तो म्हणाला, "स्टिअरिंग जरा ढिलं करून दे. या वेळी मला सांगून कर."

मास्तरने टेबलावरचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "किती करू?"

"ते तू सांग. माझा हात माझ्यापेक्षा तूच जास्त बघितलास."

मी भावाकडे बघत राहिले. जन्मात कुठल्या गिऱ्हाइकाला, तुमचं माप वाढलंय, असं तोंडावर म्हणाला नाही हा माणूस. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"उन्हाळ्यापेक्षा जास्त हलतोय, जिराफ," तो म्हणाला. "डावा तर खूपच."

मी पडद्याकडे पाहिलं. त्याचं नाव तिथेच होतं.

"हं," जिराफ म्हणाला. "मग तेवढं ढिलं कर."